मिठाच्या दिवसांत माथेरान

हिरे, तुझ्यासाठी एक निरोप आहे. माथेरानच्या कासमनं दिलाय, त्या घोडेवाल्यानं. सांगतो. पण आधी मागचं थोडं बोलून घेऊ दे. तुला कायम घाई, आणि मी पडलो मास्तर. मागचा धडा झाल्याशिवाय पुढचा घेत नाही.

तू गेलीस त्याला अजून दोन महिनेही झाले नाहीत. आपल्या कोपरीतली माणसं येऊन बसतात, चहा घेतात, "सोन्यासारखी बाय व्हती" म्हणतात आणि उठतात. मी मान हलवतो. पण तू सोन्यासारखी बिलकूल नव्हतीस. खारट होतीस. तोंडाला आलं ते बोलायचीस, माझ्याशी, माझ्या आयेशी, मिठागराच्या मुकादमाशी. घरात मी तुझ्याशी आपल्याच बोलीत बोलायचो, इथे मात्र शुद्ध लिहितोय. बी.ए. झालेल्या माणसानं लिहायचं तर नीट लिहावं, असं माझं म्हणणं. तू म्हणाली असतीस, शाळेतला मास्तर शाळेत ठेवून या. हेही एक भांडण राहिलंच.

माझ्या शिक्षणाचा मला अभिमान आहे आणि तो मी तुझ्यापासून कधी लपवला नाही. स्वराज्य आलं त्या साली मी मॅट्रिक झालो, आणि आपल्या आळीत पहिला बी.ए. मी. पण थंडी म्हणजे सुट्टी, ही गोष्ट मला कॉलेजात गेल्यावर कळली. नाताळ जवळ आला की बरोबरीची मुलं लोणावळा, महाबळेश्वर, माथेरान अशी नावं घ्यायची. परत आली की गळ्यात मफलर आणि तोंडात घोड्यांच्या गोष्टी. आपल्याकडे थंडी म्हणजे मीठ. दिवाळीच्या पणत्या विझल्या की बांध दुरुस्त करायचे, खाडीचं पाणी आत घ्यायचं, मीठ धरायच्या कोंड्यांची जमीन पायांनी तुडवून गुळगुळीत करायची, आणि मग वैशाखापर्यंत मान वर करायची नाही. आपली सुट्टी पावसाळ्यात. तेव्हा डोंगर दिसतसुद्धा नाहीत.

तू मात्र मान वर करायचीस. लग्न होऊन आलीस त्याच थंडीतली गोष्ट. रविवार होता, मी बांधावर जेवणाची टोपली घेऊन आलो होतो. सकाळची हवा स्वच्छ, पारसिकच्या डोंगराच्या मागे लांबवर एक सपाट माथा दिसत होता. तू हातातलं फावडं टेकवून विचारलंस,

"तो कनचा डोंगर?"

"माथेरान."

"तिथं काय हाय?"

"हवा आहे. लोक थंडीत हवा खायला जातात."

"आन ही काय हाय मंग? इथं हवा नाय?"

बायका फिदीफिदी हसल्या. मग मी रागानं, अगदी भूगोलाच्या तासाला सांगावं तसं, सगळं सांगितलं. नेरळहून छोटी गाडी निघते, वळणं घेत घेत चढते. वर मोटार नाही, टांगा नाही. लाल मातीचे रस्ते, दाट झाडी, कड्यांची टोकं, तळं, माकडं, चिक्कीची दुकानं. आणि घोडे. भाडं देऊन कुणालाही बसता येतं.

"कुनालाबी? बायांना पन?"

"बायांना पण."

तिथपासून तू घोड्यांशिवाय दुसरं काही ऐकलं नाहीस.

पुढं मी कल्याणच्या शाळेत लागलो. शिक्षकांच्या खोलीत एक कॅलेंडर होतं, सिमल्याच्या बर्फाचं. जुनं झाल्यावर मी ते घरी आणून भिंतीला लावलं. पायांना फळ्या बांधून माणसं पांढऱ्या उतारावरून घसरत होती. तू ते चित्र बराच वेळ बघितलंस आणि म्हणालीस, "घसराला येवऱ्या लांब जातान? आमच्या कोंडीत या म्हनावं. फुकाट घसरा." तरी कॅलेंडर काढू दिलं नाहीस. तारखा जुन्या झाल्या तरी ते तिथेच राहिलं. मी म्हणायचो, एकदा तुला सिमला दाखवीन. तू म्हणायचीस, "पयला घोरा दाखवा."

आणि दरवर्षी मीठ आडवं यायचं. मला नाताळची सुट्टी मिळायची तेव्हा पहिलं मीठ धरलेलं असायचं. "यंदा जाऊया," मी म्हणायचो. "मीठ टाकून?" तू म्हणायचीस, जसं काही मी पाळण्यातलं पोर टाकून चल म्हणालो. यावरून आपण किती भांडलो! मी म्हणायचो, बी.ए.च्या बायकोनं चिखलात उभं राहायची गरज काय, माझा पगार आहे. तू म्हणायचीस, "तुमचा बीए कागदाव पिकतो. मीठ तसा पिकत नाय."

मग गेल्या साली तो पाऊस आला. नाताळच्या तोंडावर, अवेळी. अर्ध्या दिवसात धरलेलं मीठ पाणी होऊन खाडीत गेलं. आये बांधावर बसून राहिली. कोंड्या सुकून पुन्हा तयार होईपर्यंत काम नाही. आणि तू ओल्या लुगड्यानं घरात आलीस, केस पिळत माझ्यासमोर उभी राहिलीस आणि म्हणालीस, "आथा चला."

मी म्हटलं, "आता? लोक काय म्हणतील?"

"बोलतीन ते बोलतीन. मीठ तर परत येत नाय."

आये दारातून एवढंच बोलली, "मीठ वितललं आन ही चालली हवा खावाला." पण वाटेत खायला तांदळाच्या भाकऱ्या आणि सुकटीची चटणी तिनंच बांधून दिली, तुला आठवत असेल.

तयारी मी केली. विठ्ठलवाडीला एका सिंधी दुकानदाराकडून तुझ्यासाठी लालभडक स्वेटर घेतला. ठाण्याच्या बाजारातून हिरवं गोल पातळ घेतलं, पाचवारी. तू ते हातात धरून उलटसुलट केलंस. "अर्धाच हाय यो. बाकीचा दुकानात ऱ्हायला काय?" मी सांगितलं, माथेरानला सगळ्या बायका असंच नेसतात, आपल्या कासोट्याच्या लुगड्यात तू तिथे वेगळी दिसशील. तू म्हणालीस, "मी हायेच वेगली." तरी नेसलीस. हे तुझं मानायला पाहिजे. भांडायचीस, आणि मग करायचीसही.

नेरळला छोटी गाडी बघून तू टाळ्या पिटल्यास. समोर पुण्याकडचं एक कुटुंब होतं, त्यांनी विचारलं, आपण कुठले? मी म्हणालो, ठाण्याचे. तू लगेच, "कोपरीचे. मिठागरवाले." गाडी वळणावर इतकी हळू झाली की तू खाली उतरलीस आणि बाजूनं चालायला लागलीस. "अवो, मी गारीच्या फुरं हाय!" डब्यातली पोरं ओरडायला लागली, त्यांच्या आईनं त्यांना धरून ठेवलं. मी दुसरीकडे बघत होतो. पण तू वर चढलीस तेव्हा हात देऊन ओढून घेतलं ते मीच.

बाजारात खोली घेतली आणि तू थेट घोड्यांकडे. कासम तिथं पहिला उभा होता, आणि त्याची ती तपकिरी घोडी. "नाव काय?" तू विचारलंस. "बिजली." "पलते काय?" तो हसला. "नाव बिजली, बाई. चाल बैलगाडीची."

गोल पातळात तुला बसता येईना. कासम म्हणाला, एका बाजूनं बसा, मी धरतो, सगळ्या बाया तशाच बसतात. बसलीस, घसरलीस. पुन्हा बसलीस, पुन्हा घसरलीस. आजूबाजूचे सहलीवाले बघायला लागले. तू खोलीकडे चालायला लागलीस. मला वाटलं, झालं, रुसली. परत आलीस ती आपल्या लुगड्यात. गुडघ्यापर्यंत घट्ट कासोटा, वर तो लाल स्वेटर. रिकिबीत पाय टाकलास आणि दोन्हीकडे पाय सोडून बसलीस, पुरुषासारखी. कासम म्हणाला, "अरे वा." लगाम त्यानं हातात धरला होता तो तू काढून घेतलास.

आणि बिजली पळाली, हिरे. ती बैलगाडी पळाली. लाल धुरळा उडाला. तू काय ओरडत होतीस ते मला कळलं नाही, पण मिठाची टोपली डोक्यावर घेऊन धावताना तुम्ही बायका जी आरोळी देता, तीच असावी. कठड्यावर बसलेली एक बाई म्हणाली, "कोळीण दिसतेय." तू तेवढ्यात वळून परत येत होतीस, ऐकलंस, आणि घोडीवरूनच म्हणालीस, "कोलीन नाय, बाय. आगरीन." लोक हसले. मी पण त्यांच्यातच उभा होतो.

संध्याकाळी पॅनोरमाच्या टोकावर बसून आपण भांडलो. गार वारा सुटला होता, तू भाकरी खात होतीस.

"तुमाना लाज वाटली ना?"

"लाज नाही. लोकांनी तुला हसू नये असं मला वाटतं."

"हसले कोन?"

"ते."

"आन घोऱ्याव बसला कोन?"

"तू."

"मंग मजा कोनाची?"

 आताही माझं म्हणणं तेच आहे. माणसानं जाईल तिथली रीत बघावी. लोक आधी कपडे बघतात, मग माणूस. कॉलेजात मी हे भोगलंय, तू नाही भोगलंस. माझं चुकलं असं मी लिहिणार नाही. तू असतीस तर आजही भांडलो असतो. भांडायला समोर कुणी नाही, एवढंच.

मग तू खाली बघायला लागलीस. ऊन कलतं होतं, लांब खाडीचं पाणी चमकत होतं. "आपला मिठागर कुठं?" मी बोट दाखवलं, पण खरं सांगायचं तर अंदाजानंच. तू डोळे बारीक करून बघत राहिलीस. "तिथं आये बसली आसंल," म्हणालीस, आणि तुझी भाकरी हातातच राहिली. मग म्हणालीस, "अवो, आपुन आलो, पन पाऊस परला म्हनून आलो. नुकसानीची सुट्टी ही. फुरच्या सालाला मीठ चांगला पिकला पाहिजे आन तरी यावाचा. तसा आनशील?"

'आनशील' म्हणालीस. एरवी अहोजाहो करायचीस. मी म्हटलं, आणीन. बायकांना एक आठवडा तुझं काम सांभाळायला सांगू, मी मुकादमाशी बोलेन. पाऊस न पडता आणीन.

दुसऱ्या दिवशी तळं बघितलं, हाक मारली की डोंगर उत्तर देतो ते टोक बघितलं. तिथं तू कुणाचं नाव ओरडलंस? "बिजले!" डोंगरानं तीनदा बिजले म्हटलं. मी रुसल्याचं नाटक केलं. उतरताना तू आयेसाठी चिक्की घेतलीस आणि कासमला म्हणालीस, "फुरच्या वर्साला येतंव. हिला इकू नको."

यंदा दिवाळी झाली आणि तू बांधाच्या कामाला गेलीस. मी नको म्हणालो. दरसाल म्हणायचो तसाच. तू म्हणालीस, लवकर काम उरकलं तरच नाताळात निघता येईल. चिखलात कालवाची शिंप तुझ्या तळपायात घुसली. हळद भरलीस, चिंधी बांधलीस, पुन्हा चिखलात उतरलीस. मी रजेचा अर्ज लिहीत होतो त्या दिवशी तुझा जबडा आखडला. धनुर्वात. सरकारी दवाखान्यात नेलं. डॉक्टरांनी करायचं ते केलं, कुणाला बोल लावायला जागा नाही. तुला बोलता येत नव्हतं. तुझ्यासारखीला. डोळे तेवढे फिरत होते, आणि ते काय म्हणतायत ते मला कळत नव्हतं. इतकं शिकून एक अक्षर वाचता आलं नाही.

ते भांडण मी जिंकलो, हिरे. तू चिखलात जायला नको होतीस. मी बरोबर होतो. चार वर्षं बरोबर होतो. आता हे कुणाला जाऊन सांगू?

दुसरंही जिंकलो, ते तुला माहीत नसेल. सवाष्ण गेली, हिरवं नवं लुगडं पाहिजे, असं बायका म्हणाल्या. आये पेटी उघडून बसली. तुझी सगळी लुगडी धुवून धुवून विटलेली, मिठानं कडक झालेली. नवं असं एकच होतं. माथेरानला अर्धा दिवस नेसलेलं ते गोल पातळ, घडी नीट, डाग नाही. आयेनं माझ्याकडे बघितलं. मी हो म्हटलं. दुसरं काय म्हणणार होतो? तुला त्यात गुंडाळलं. मी बाजूला उभा होतो आणि एवढंच डोक्यात येत होतं, यात हिला घोड्यावर बसता येत नाही. कुणाला तरी सांगावं, थांबा म्हणावं, असं वाटलं. पण माणसं उभी होती, भटजी घाई करत होते. अशा वेळी असलं काही बोलतात का?

लोक म्हणतात वेळ जाऊ दे, कमी होईल. मला तसं दिसत नाही. शिकवताना पुस्तकात डोंगर येतात, हवा येते, मुलं वाट बघत राहतात आणि मी खिडकीकडे बघतो. देवावर माझा फारसा विश्वास नव्हता, आता तर नाहीच. तू कुठेतरी आहेस असंही मला वाटत नाही. तरी 'तू' म्हणून लिहितोय. 'ती' लिहायला हात वळत नाही.

आणि तरी तू मला जे दिलंस ते नाकारता येत नाही. मी माझं गाव लोकांसमोर 'ठाणे' म्हणून सांगायचो. तू एकदा मोठ्यानं कोपरी म्हणालीस, त्यानंतर मी पण कोपरीच सांगतो. शिक्षकांच्या खोलीत सांगितलं. काही झालं नाही. छत कोसळलं नाही.

यंदा पाऊस आला नाही. पहिलं मीठ लख्ख पांढरं धरलं. तुझी जागा आयेच्या भाचीनं घेतली, तिचे पाय अजून कोवळे आहेत. नाताळ आला. रजा मंजूर झालेलीच होती. मी घरात बसलो होतो. आये म्हणाली, "जा." मी म्हटलं, कुठे? ती म्हणाली, "बोललेलास ना तिला." आणि भाकऱ्या बांधून दिल्या. आपल्या दोघांना पुरतील एवढ्या. चुकून की मुद्दाम, मी विचारलं नाही.

वर सगळं तसंच आहे. छोटी गाडी त्याच वळणावर हळू झाली, कुणी उतरलं नाही. थंडी चांगली होती, नवी लग्नं झालेली जोडपी, रंगीत स्वेटर, पोरांच्या हातात चिक्की. हाकेच्या टोकावर गेलो, पण हाक मारली नाही. डोंगरानं उत्तर दिलं असतं तर सहन झालं नसतं. मग पॅनोरमावर जाऊन बसलो. हवा इतकी स्वच्छ होती की खाडीच्या कडेला पांढरी रेघ दिसली. या वेळी अंदाजानं नाही, खरंच दिसली. मीठ होतं. तुझी अट पुरी झाली होती बघ. पाऊस नाही, मीठ उभं आहे, आणि मी माथेरानात. आणि सुट्टी पुन्हा नुकसानीचीच.

परत येताना बाजारात कासमनं ओळखलं. "मास्तर! अकेलेच? बाई कुठंयत?"

बिजली त्याच्या मागे उभी होती, मान खाली घालून. मी सांगणार होतो. तोंड उघडलं होतं.

"मिठाचे दिवस आहेत," मी म्हणालो. "सुटता आलं नाही."

"बराबर," तो म्हणाला. "गेल्या साली पन बाई तेच सांगत व्हत्या, मीठ सोडून निघता येत नाय. कामाची बाई आहे." त्यानं बिजलीच्या मानेवर थाप मारली. "पन मास्तर, बाईंना एक निरोप द्या. बोला, बिजली थकली. डोळ्यांनी कमी दिसतं. फुडचा पावसाळा काढंल असं वाटत नाय. भेटायचं तर लवकर या म्हनावं."

मी म्हणालो, सांगतो.

सांगितलं.